नळदुर्गच्या बागेत, सावकाश

नळदुर्गचा किल्ला बहुतेकांनी पाहिलेला असतो तो पावसाळ्यात. कुरनूरचं बोरी धरण भरून वाहू लागलं, किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू झाले अशी बातमी येते आणि सोलापूर, लातूर, कलबुर्गी, पार पुण्यापासून गाड्या इकडे वळतात. गर्दीत भिजायचं, फोटो काढायचे आणि तास-दीड तासात परत फिरायचं. कोसळत्या बोरीचं ते रूप भव्य आहे, यात शंका नाही. पण हा किल्ला समजून घ्यायचा असेल तर पौषात यावं, सकाळी यावं आणि सोबत सावकाश चालणारी माणसं आणावीत, असं माझं ठाम मत झालं आहे.

सावकाश चालणारी माणसं आमच्याकडे भरपूर आहेत. धाराशिवला पहाटे फिरायला जाणारी आमची मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर, बँकेतले मामा, दोघी बहिणी, त्यांतल्या थोरलीची शाळकरी नात, आणि तुळजापूर रस्त्याला ज्यांचं शेत आहे त्या काकू. काकूंच्या शेतात गुलाब आहे. आदल्या दिवशीच त्यांनी बजावून ठेवलं होतं, "मी तोडणी करूनच येणार. खंडोबाला न्यायचेत." त्याप्रमाणे त्या आल्या तेव्हा हातात ओल्या गोणपाटानं झाकलेली पाटी होती, आणि तुळजापूरचा घाट उतरेपर्यंत गाडीभर वास पसरला होता.

धाराशिवहून तुळजापूर बावीसेक किलोमीटर आणि तिथून पुढे नळदुर्ग तीस-पस्तीस. गाव सोलापूर-हैदराबाद हायवेवर आहे. सोलापूरहून येणाऱ्याला पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास पडतं. एसटीनं आलात तरी स्टँडपासून किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं. बालाघाटच्या डोंगरातून येणारी बोरी नदी इथे खोल घळ कापत गेली आहे, आणि त्या घळीत शिरलेल्या पठाराच्या तुकड्यावर किल्ला उभा आहे. तीन बाजूंनी नदीचं पात्र, उरलेल्या जमिनीच्या बाजूनं खणलेला खंदक. वस्तीतून येताना तटबंदी अचानक समोर ठाकते. एकशे चौदा बुरूज आणि जवळजवळ तीन किलोमीटरचा तट, हे आकडे वाचून माहीत असतात. दरवाजापाशी मान वर करून उभं राहिलं की त्यांचं वजन कळतं.

हुलमुख दरवाजाच्या वळणातून आत गेलं की समोर मोकळी जागा, हिरवळ, आखलेल्या पायवाटा, फुलझाडं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी किल्ला पाहिलेल्या माणसाला हे खरं वाटणार नाही. तेव्हा इथे काटेरी बाभळी माजल्या होत्या, पायवाटा हरवल्या होत्या आणि ढासळलेल्या दगडांतून वाट काढावी लागे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाची एक योजना आहे, महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना. तिच्यातून २०१४ मध्ये सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीनं किल्ला संगोपनासाठी घेतला. झुडपं निघाली, वाटा मोकळ्या झाल्या, बाग फुलली. स्मारक खासगी हाती द्यावं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे आणि आमच्यातही ते बोलणं झालं. सरांचं म्हणणं, किल्ला म्हणजे लॉन नव्हे, जुन्या वास्तूवर नव्याची सावली पडता कामा नये. मामांचं म्हणणं, माणसं आत आली तरच दगड टिकतात. मला दोघांचंही पटतं. पण ज्या किल्ल्यात घरच्या बाईमाणसाला घेऊन जायला लोक धजत नव्हते, तिथे आज आज्या नातवंडांचा हात धरून फिरताना दिसतात. ही गोष्ट मला मोठी वाटते.

बागेत आमची चाल आणखी मंदावली. त्याचं कारण काकू. त्यांना कुठलंही झाड ओलांडून जाता येत नाही. वाकून माती चिमटीत घेतली, पान उलटं करून पाहिलं, ठिबकची नळी कुठून आली ते शोधलं. नात त्यांच्या मागे. तिनं विचारलं, "आजी, गुलाबाचं बी कुठं असतं?" मग एका झाडाच्या सावलीत आम्ही सगळे बसलो आणि काकूंचा वर्ग सुरू झाला.

गुलाब बियांपासून करत बसत नाहीत. रानटी गुलाबाचा खुंट वाढवायचा आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरायचा. मुळं रानटी झाडाची, फूल दुसऱ्याचं. डोळ्याच्या खालून जे फुटवे येतात ते वेळीच काढावे लागतात, नाहीतर रानटी झाड जोर धरतं आणि कलम मरून जातं. उघड्या रानात आपल्याकडे बहुतेक शेतकरी ग्लॅडिएटर लावतात, कारण हा लाल गुलाब उन्हाला टिकतो आणि हाराला व पूजेला चालतो. पॉलिहाऊसातला टॉप सिक्रेट, ताजमहाल यांची तऱ्हा वेगळी; लांब दांडा, मिटलेली कळी, आणि बाजार शहरातला. पावसाळा सरला की ऑक्टोबरात छाटणी. छाटणीनंतर दीडेक महिन्यानं फूल सुरू होतं, म्हणून पौष-माघात गुलाब ऐन बहरात असतो. थंडी आणि कोरडी हवा त्याला मानवते. दमट हवेत पानावर काळे ठिपके पडतात, भुरी येते.

"मग आपल्याकडं तर गुलाब लई यायला पाहिजे. हवा कोरडीच की," धाकटी बहीण म्हणाली.

"हवा कोरडी पाहिजे बाई, मूळ कोरडं नाही," काकू म्हणाल्या. "टँकरच्या साली झाडं जगवली तेव्हा एक एक बादली मोजून घातलीय मी. गुलाब दिसतो नाजूक, पण मरत नाही लवकर. फूल मात्र देत नाही पाण्याबिगर."

आमच्या जिल्ह्याबद्दल याहून नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. धाराशिवचा पाऊस लहरी. तो पडतो तेव्हा एकदम पडतो आणि काळ्या खडकावरून वाहून जातो. शेजारच्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस इथल्याही घराघरांत आठवतात. अशा मुलखात बाग लावणं ही हौस नसते. आधी कुणीतरी पाणी अडवलेलं असावं लागतं, आणि किल्ल्याची बाग ओलांडून शंभर-दीडशे पावलं गेलं की ते अडवलेलं पाणी दिसतं.

किल्ल्याच्या समोर, नदीच्या पलीकडे रणमंडळ नावाची छोटी गढी आहे. किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारी दगडी भिंत घळीत बांधली आणि बोरी अडवली. भिंतीची लांबी १७४ मीटर, उंची एकोणीस-वीस मीटर. ही भिंत एकाच वेळी बंधारा आहे, पूल आहे, तट आहे, आणि तिच्या पोटात महाल आहे. १६१३ साली, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, मीर मुहम्मद इमादीन या स्थापत्यकारानं हे काम केलं. आत फारसी शिलालेख आहे. त्याआधी पन्नासेक वर्षं, पहिल्या अली आदिलशहानं किल्ल्याचा तट दगडात बांधून काढला होता. त्याहून मागे गेलं तर कल्याणीचे चालुक्य आणि बहमनी. आणि लोकांच्या मनातला इतिहास आणखी मागे जातो, नळराजा आणि दमयंतीपर्यंत.

पाणीमहालात उतरायला भिंतीतून जिना आहे. वर ऊन आणि आत एकदम गारवा. कमानींच्या सज्जात उभं राहिलं की खाली घळ, समोर दोन्ही कडे, वर अडवलेल्या पाण्याचा भार. पावसाळ्यात भरलेली नदी भिंतीवरून कशीही ओघळत नाही. तिच्यासाठी दोन सांडवे ठेवले आहेत, तेच नर आणि मादी. पाणी त्या वाटांनी भिंतीपासून दूर फेकलं जातं, आणि झोताच्या आड बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. समोर पाण्याचा पडदा, मागे चारशे वर्षं न हललेला दगड. पावसाळ्यात लोक इथे येतात तेव्हा डोळे त्या पडद्यावर असतात, आणि ते साहजिक आहे. हिवाळ्यात पडदा नसतो, म्हणून रचना दिसते. दगड कसे बसवले, भिंत कुठे जाड होते, कुठे वळते, जिन्याला उजेड कुठून मिळतो, हे सगळं निवांत पाहता येतं. आम्ही तिथे इतका वेळ थांबलो की नात कंटाळून पायऱ्या मोजू लागली.

मामा कमानीला हात लावून म्हणाले, "धरण बांधायचं होतं, तर बांधायचं. त्यात बसायला खोली कशाला काढली असंल?"

या प्रश्नाचं उत्तर सरांनी दिलं, आणि त्या दिवशी मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. दुसरा इब्राहिम १५८० ते १६२७ गादीवर होता. तो संगीतात बुडालेला राजा. दखनीत गीतं रचून त्यांचा ‘किताब-ए-नवरस’ केला, सरस्वतीला आणि गणपतीला त्यात वंदन केलं, विजापूरजवळ नवरसपूर नावाचं नगर वसवायला घेतलं. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे. याच राजासाठी निजामुद्दीन महमूद नावाच्या लेखकानं सुगंधांवर एक फारसी ग्रंथ लिहिला, ‘इत्र-ए-नवरसशाही’. अत्तरं, धूप, सुवासिक द्रव्यं कशी करावीत हे सांगणारं ते पुस्तक आहे. वासासाठी ज्याच्या दरबारात ग्रंथ लिहिला जातो, त्याला बंधाऱ्याच्या पोटात बसून पाणी ऐकावंसं वाटलं तर नवल नाही. सैन्याला पाणी हवं म्हणून भिंत आली असेल. सज्जा मात्र कानांसाठी आणि डोळ्यांसाठी आहे.

काकूंनी पाटीवरचं गोणपाट थोडं सारलं. "अत्तराला हे गुलाब चालत नाहीत. याला वास हाय, पण थोडा," त्या म्हणाल्या. बरोबर आहे. अत्तराचा आणि गुलकंदाचा गुलाब वेगळा. दमास्क जातीची फुलं पहाटे, ऊन चढायच्या आत तोडतात, कारण ऊन लागलं की सुगंध उडतो. तांब्याच्या देगीत पाकळ्या आणि पाणी घालून तोंड लिंपतात, खाली मंद आच, आणि वाफ नळीतून थंड भांड्यात. पहिलं उतरतं ते गुलाबपाणी. त्यावर तरंगणारा तेलाचा तवंग म्हणजे अत्तराचा जीव. एक किलो तेलासाठी तीन ते पाच टन फुलं लागतात. पाणी, विस्तव आणि धीर यांच्यावर चालणारा हा धंदा. दख्खनच्या दरबारांत पाहुण्यावर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडत, दर्ग्यांत चादरीवर गुलाब घालत. आमच्या धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यातही गुलाबाच्या चादरी चढतात, आणि त्या फुलांतली काही काकूंच्या रानातून जातात. देवळात आणि दर्ग्यात एकच तोडणी जाते, हे त्या अगदी सहज सांगून गेल्या.

महालातून वर आलो. पुढची वाट तटाच्या कडेनं. नवबुरूज इथला मला फार आवडणारा बुरूज. तो साधा गोल नाही. नऊ अर्धगोल एकमेकांना लागून बाहेर फुगले आहेत, वरून पाहिलं तर नऊ पाकळ्यांचं फूल. अशा फुगीर पृष्ठावर तोफेचा गोळा सरळ बसत नाही आणि आतल्या माणसाला अनेक दिशांना मारा करता येतो, असं युद्धशास्त्र जाणणारे सांगतात. नातीला तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती खाली उतरून पाकळ्या मोजून आली आणि नऊच भरल्या याचा तिला आनंद झाला.

उपळी बुरूज मात्र कस पाहतो. किल्ल्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, सत्तरहून जास्त उंच पायऱ्या, कठडा नाही म्हणावा असाच. दोघी बहिणी खाली थांबल्या आणि त्यात काही बिघडलं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथे हट्ट करू नये. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ पडल्या आहेत. तोंडावरचं कोरीवकाम अजून स्पष्ट आहे. वरून एका नजरेत सगळं येतं: तटाची वळणं, बागेचा हिरवा पट्टा, बंधाऱ्यामागचं पाणी, रणमंडळ, पलीकडे तुरीची पिवळी-करडी रानं आणि हायवेवरचे ट्रक. बाग जिथे संपते तिथून मुलूख लगेच तपकिरी होतो. काकूंचं मघाचं बोलणं इथून डोळ्यांनी दिसत होतं.

उतरताना मुन्सफ कोर्टाची जुनी इमारत लागते. नळदुर्ग हे एके काळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. मुख्यालय धाराशिवला गेलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८५३ मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि कारभार पाहायला आला कर्नल फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा हाच. १८५७ मध्ये वऱ्हाडात बदली होईपर्यंत तो इथे राहिला, रस्ते केले, तलावांकडे लक्ष दिलं, जमिनीची मोजणी केली. आत्मचरित्रात त्यानं नळदुर्गबद्दल आपुलकीनं लिहिलं आहे आणि ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आणलं आहे. परक्या सत्तेचा अधिकारी तो होताच. तरी या भागाची माणसं, सण, रस्ते त्यानं इतक्या बारकाईनं टिपले की जिल्ह्याचा इतिहास शोधणाऱ्याला त्याला टाळून पुढे जाता येत नाही. १८६० मध्ये नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेलं. ही माहिती देणारा एक नीट फलक तिथे असावा असं मला फार वाटतं. बंधाऱ्यापाशी तर नक्कीच, मराठीत, मोठ्या अक्षरांत. लोक फोटो काढून निघून जातात आणि इमादीनचं नावही त्यांच्या कानावर पडत नाही.

एक वाजून गेला होता. किल्ल्याबाहेर एका लिंबाखाली डबे उघडले. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, ठेचा, दही, आणि मामांनी आणलेले गुलाबजाम. धाराशिवच्या गुलाबजामाला चांगल्या खव्याचा आधार आहे. भूम-परंड्याकडच्या दुधाचा खवा दूरदूरच्या बाजारात जातो. कोरडवाहू जिल्ह्यात दुभत्या जनावरांनी घरं सावरली, त्यातून हा खवा आला. पाक कमी, खवा दाट, ही त्याची खूण.

मग शेवटचा मुक्काम, ज्याच्यासाठी पाटी आणली होती तो. नळदुर्गचा मैलारपूर भाग बोरीच्या काठी, तिथे खंडोबाचं देऊळ. आम्ही मुद्दाम पौषात आलो त्यामागे हेही एक कारण होतं. जवळच्या अणदूर गावातही खंडोबाचं देऊळ आहे, पण दोन्ही देवळांत मिळून मूर्ती एकच. ती सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा झाली की देव इकडे येतो, आणि पौष पौर्णिमेला मैलारपुरात मोठी यात्रा भरते. वारू नाचतात, भंडारा उधळतो, महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं येतात.

यात्रेला अजून अवकाश होता, त्यामुळे दर्शन निवांत झालं. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या उंबऱ्यावर काकूंनी पाटी ठेवली, अर्धी फुलं पुजाऱ्यांच्या हाती दिली आणि उरलेली तिथेच आलेल्या बायकांना वाटली. त्यांतल्या एकीनं फूल हुंगून विचारलं, "काकू, याचं कलम मिळंल का?"

"मिळंल की. पण आत्ता नाही. पाऊस पडू दे, मग ये. पाण्याची सोय हाय का तुझ्याकडं?"

"बोर हाय. जानेवारीपतूर चालतं."

"मग दोन झाडं लाव. जास्त नको. भांडी घासलेलं पाणी घाल, राख घाल, आणि मेपर्यंत जगव. मग बघू."

बायकांचं बोलणं लांबलं. सरांनी तेवढ्यात पुजाऱ्यांना देवाच्या जाण्यायेण्याबद्दल विचारलं. देव न्यायचा-आणायचा तो दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होऊनच, असं ते म्हणाले; कधी आणायचा, कधी पोचवायचा, सगळं त्यात येतं. एका मूर्तीवर दोन गावांचा हक्क आणि तो पिढ्यानपिढ्या तारखेबरहुकूम पाळला जातो. सरांना कराराचा जुना कागद पाहायचा होता. त्यासाठी अणदूरच्या मानकऱ्यांना भेटावं लागेल असं कळलं, तेव्हा परतीचा रस्ता बदलून आम्ही अणदूरकडे निघालो.